बियाची लवकी

१

नाचणगावच्या शिवेला, पुलगावचा रस्ता सोडून खालच्या अंगाला वळलं की ताराचंदची वाडी लागते. वांगी, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि मांडवावर लवकी, म्हणजे दुधी भोपळा. वाडीतच घर. ताराचंद शाळेत कधी गेला नाही, त्यामुळे त्याचा दिवस घड्याळावर चालत नव्हता, विजेच्या लाइनीवर चालत होता. लाइन आली की मोटार सुरू करायची, लाइन गेली की मांडवाखालच्या खाटेवर बसायचं. विहिरीवरची मोटार चालू असली की साऱ्या घराला बारीक धडधड जाणवे. भिंतीला पाठ टेकली तर पाठीतून आत येई. इतकी वर्षं ऐकून तो आवाज त्याला आपल्याच अंगातला वाटायचा.

मोटार सुरू केली की तो मांडवाखाली जाऊन बियाच्या लवकीवरून हात फिरवायचा.

आता बियाच्या लवकीचं कसं असतं, बाजारात जाते ती लवकी कोवळी तोडतात. अंगावर लव असते तोवर गिऱ्हाईक तिला हात लावतं. पण एक लवकी वेलावरच राखायची असते, पुढच्या सालच्या बियांसाठी. तिला निवांत म्हातारी होऊ द्यायची. वेल वाळतो, पानं गळतात, लवकीची लव झडते, साल लाकडासारखी टणक होते, नख रुतत नाही. मग कानाशी धरून हलवायची. आत बिया खुळखुळल्या म्हणजे काम झालं. चुकून कोणी तोडू नये म्हणून तिला चिंधी बांधून ठेवतात.

ताराचंदच्या घरी या चिंधीची एक रीत होती. घरात पहिलटकरीण पोटुशी असली तर चिंधी तिच्याच साडीची बांधायची, आणि ती बाळंत होईपर्यंत त्या लवकीला विळा लावायचा नाही. बाळंतीण सुखरूप सुटली की लवकी फोडून बिया शेजारपाजारी वाटायच्या. असं का, ते कोणाला ठाऊक नव्हतं. ताराचंदच्या आईनं त्याच्या बायकोला, मंदाबाईला, सांगितलं होतं आणि मंदाबाईनं यंदा सुनेला सांगितलं. सुनेचं नाव अंकिता. केळझरची पोरगी, हसरी, वाडीत निंदायला बसली की सासऱ्याच्या पुढे पात घेऊन जाणारी. तिच्या पोपटी साडीचा काठ फाडून मंदाबाईनं लवकीला बांधला आणि गाठीवर गाठ मारली.

त्या सकाळी ताराचंदनं हात फिरवला आणि हात तिथंच थांबला.

वेल वाळला होता. बुडापासून शेंड्यापर्यंत, बोटानं मोडावा असा. मांडवावर एक हिरवं पान नव्हतं. आणि लवकी कोवळी होती. अंगावर पांढरी लव तशीच. त्यानं नख लावलं तर लोण्यात जावं तसं रुतलं, आणि तिथं पाण्याचा एक थेंब आला.

"थंडीनं असन," ताराचंद स्वतःशीच म्हणाला. "बुडात कुठं ओल असन."

त्यानं वेलाचं बूड उकरून पाहिलं. माती भुकटीसारखी कोरडी होती.

२

अंकिताचे दिवस कितीसे झाले होते? पोटुशी आहे हे बाहेरच्याला कळूही नये एवढे. पण पोट असं आलं होतं की बाजारातल्या बाया विचारायच्या, सातवा का आठवा? पोटात अन्न ठरत नव्हतं. सकाळी ओकारी, दुपारी ओकारी, नुसत्या पाण्याचीही ओकारी. मंदाबाईला त्याचंच कौतुक.

"पोरगं हाय धिप्पाड," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "मायले आतूनच खाऊन राह्यलं."

एकदा अंकिता मांडवाजवळ आली. ताराचंद मेथीच्या जुड्या बांधत होता. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "बाबा, एक सांगू? आईले नका सांगजा."

"सांग नं."

"मले आत कोणी हाय असं वाटतच नाई. पाण्याची पिशवी धरून फिरल्यासारखं वाटते." आणि मग खाली मान घालून, "कालपासून अंगावर जाऊन राह्यलं. थोडंथोडं. काळंकाळं."

ताराचंदनं जुडी खाली ठेवली. मुलाला, पीयूषला, हाक मारली. पीयूष भाजीचा ऑटो चालवायचा. मंदाबाई नाहीनाही म्हणत असतानाच त्या ऑटोत रिकामी पोती अंथरून अंकिताला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पीयूषला बसवलं, म्हाताऱ्यालाही बसवलं.

"याला द्राक्षगर्भ म्हणतात," त्या म्हणाल्या. "आत बाळ नाहीये. बाळाला पोसणारी वार असते ना, ती एकटीच वाढत सुटली आहे. पाण्यानं भरलेले फोड, द्राक्षाच्या घडासारखे. म्हणून पोट मोठं."

"ठोके नाई का बाई?" ताराचंदनं विचारलं.

"ठोके कुणाचे असणार बाबा? आत कुणी नाहीच." मग थोडं थांबून म्हणाल्या, "यात हिचा काही दोष नाही. खाण्यापिण्यानं होत नाही, वजन उचलल्यानं होत नाही. घरी कुणी काही बोललं तर हे सांगा. आणि आज साफ केलं तरी सुटलो असं नाही. रक्त तपासायला येत राहायचं. ही वार रक्तात एक रस सोडते, त्याचा आकडा उतरत उतरत शून्यावर आला पाहिजे. नाही उतरला तर उरलेलं पुन्हा वाढतं, आणि मग ते गर्भाशयात थांबत नाही. छातीत जातं."

ताराचंदला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं ते तसंच्या तसं डोक्यात ठेवलं. दोष नाही. येत राहायचं. छातीत जातं.

३

पोट साफ करून घरी आणल्यावर मंदाबाईनं दारातच विचारलं, "काय केलं तुमी?"

पीयूषनं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सगळं सांगितलं. मंदाबाईनं ऐकून घेतलं आणि मांडवाकडे बोट केलं.

"मंग ते काय हाय?"

लवकी हंड्याएवढी झाली होती. वाळलेल्या वेलाला ती कशी पेलते तेच कळत नव्हतं.

"तिचं पोट रिकामं असतं तं हे भरलं असतं का?" मंदाबाई म्हणाली. "पोरगं होतं. तुमी बादलीत टाकून आले."

अंकिता ऑटोतून उतरत होती. तिच्या तोंडावर रक्त नव्हतं. तिला हात द्यायला तिथं जमलेल्या शेजारणींपैकी एकही पुढं झाली नाही. दुखतं का, एवढं विचारायला कोणाची जीभ झिजत होती? कोणी म्हणालं ग्रहणात बाहेर निघाली असन, कोणी म्हणालं चटचट चालण्याची खोड होती तिला. ताराचंद सोसणारा माणूस. आवाज चढवणं त्याला जमायचंच नाही. पण त्या दिवशी तो बायांपुढं जाऊन उभा राहिला.

"वेलाले फोल फळ नाई येत का?" तो म्हणाला. "येते नं? मंग आपण वेलाच्या थोबाडात मारतो का?"

बाया पदर सावरून निघून गेल्या. त्यानं विळा घेतला आणि मांडवाकडे निघाला. आता रीत संपली होती. बाळंत व्हायचं नव्हतं तर लवकी राखायची कशाला? मंदाबाई आडवी आली.

"विळा लावान तं माह्या अंगावरून जा."

त्यानं विळा खाली ठेवला. त्याला वाटलं, बाईचा जीव दुखावलाय, चार दिवसांनी निवळेल. मंदाबाईची दोन लेकरं नाव ठेवायच्या आधी गेली होती, पीयूषच्या मागची. ते तो विसरला नव्हता.

पुलगावच्या बाजारात बंडूजी त्याच्या बाजूला दुकान लावायचा. कांदे-बटाटे. त्यानं दुसऱ्याच दिवशी चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "काऊन ताराचंदभाऊ, सुनेले द्राक्षं लागले म्हन्ते. काय भाव लावून राह्यले?"

दोघंतिघं हसले.

ताराचंदनं तराजू खाली ठेवला. "बंडूजी, तुह्या घरी बी पोरगी हाय, रोशनी. उद्या देवानं करू नये, तिले असं झालं तं तू बाजारात मांडशीन का?"

कोणी हसलं नाही मग. पण कोणी माफीही मागितली नाही. ताराचंद अर्धी भाजी तशीच घेऊन घरी आला. रस्ताभर त्याचे कान तापलेले होते.

४

दुपारची वेळ. अंकिता आतल्या खोलीत निजलेली, मंदाबाई शेजारी गेलेली. ताराचंद खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. मोटार चालू होती, पाठीतून धडधड येत होती, डोळे मिटायला लागले होते.

मग त्याच्या ध्यानात आलं की पाटात पाणी नाही.

तो विहिरीकडे गेला. बटण दाबलेलं नव्हतं. पेटीवरचा लाल दिवा बंद. लाइनच नव्हती. त्यानं मोटारीवर हात ठेवला, ती सकाळच्या थंडीइतकी गार होती.

परत येऊन त्यानं भिंतीला कान लावला. धप, धप, धप. मोटारीपेक्षा जलद, आणि मऊ. कोणी ओल्या कपड्यावर मुठीनं हळूहळू थापावं असं.

"शेजारच्या वाडीत इंजन लावलं असन," तो म्हणाला. बांधावर जाऊन पाहिलं. शेजारची वाडी सुनसान होती, एक बगळा तेवढा उभा.

मग तो मांडवाखाली आला आणि खांबाला हात लावला. खांबात होतं. त्यानं लवकीला हात लावला नाही. लावला असता तर कळलं असतं, आणि कळून घ्यायला त्याचं मन झालं नाही. ठोके कुणाचे असणार बाबा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

खिडकीतून अंकिताचा आवाज आला. "बाबा, मोटार बंद करा नं. डोक्यात बसली माह्या."

"केली व पोरी," ताराचंद म्हणाला. "बंद केली."

५

आकडा आधी उतरला. पीयूष तिला नेऊन आणायचा आणि घरी येऊन सांगायचा, उतरला. मग एकदा म्हणाला, तितकाच आहे. मग म्हणाला, चढला. भरती व्हावं लागेल, सुया द्याव्या लागतील.

मंदाबाईनं त्या दिवशी पुलगावच्या मेडिकलातून ती पट्टी आणवली, दिवस गेलेत का पाहायची. अंकिताला न्हाणीत पाठवलं. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. लाल, ठळक.

"पाहा," मंदाबाई म्हणाली. "हाय. अजून हाय. टाकून बी गेलं नाई, असं जिवट हाय."

डॉक्टरीणबाईंनी हेही सांगितलं होतं. उरलेलं वाढलं की रक्तात तोच रस उतरतो, पट्टी फसते, रेघा दिसल्या तरी बाळ समजू नका. पीयूषनं ते आईला सांगितलं. पण त्यानं ते खाली पाहून सांगितलं. मंदाबाईनं वाटीत साखर घेतली आणि घरोघर वाटून आली. त्याच बाया पुन्हा आल्या, आता हसत. अंकिताला ओवाळायचं बोलू लागल्या. एकीनं तर तिच्या पोटावर हात ठेवून पाहिला.

अंकिता भिंतीला टेकून खोकत होती. कोरडा, खोल खोकला. तिनं पदर तोंडाला लावला, मग पदराचं ते टोक मुठीत लपवलं. ताराचंदनं पाहिलं. टोक लाल झालं होतं.

छातीत जातं.

"पीयूष," तो म्हणाला, "ऑटो काढ."

"बाबा, माय म्हन्ते का सुया देल्ल्या तं—"

"तुह्या मायनं डॉक्टरकी कवा केली?" त्याचा आवाज घरातल्या कोणी असा कधी ऐकला नव्हता. तो बायांकडे वळला. "पोट्टी रगत थुकून राह्यली अन् तुमी साखर खाऊन राह्यले. शरम नाई वाटत? तू नाई नेत तं मी नेतो. यष्टीनं नेतो. पाठीवर टाकून नेतो."

पीयूषनं ऑटो काढला. ताराचंदनं स्वतःची घोंगडी अंकिताला पांघरली. ऑटो वळणावर गेला तशी, मागं थांबलेल्या ताराचंदला मांडवाकडून काडकन आवाज आला. वेल मोडला होता. लवकी खाली पडलेली होती, आणि तिला ओरखडाही उठलेला नव्हता.

६

दवाखान्यात अंकिताला सुया सुरू झाल्या. तोंड आलं, पाणी गिळवेना, डोक्यावरचे केस उशीला राहू लागले. पण तिनं तक्रार केली नाही. तिची आई केळझरहून आली होती, ती उशाशी बसायची. ताराचंद रोज भाजी विकून यष्टीनं यायचा आणि दाराशी उभा राहायचा.

एका दुपारी आई डबा धुवायला गेली तेव्हा अंकितानं त्याला जवळ बोलावलं.

"बाबा, घरी आईनं ते चिंधी सोडली का?"

"कोनती?"

"लवकीची." ती हळू बोलत होती. "मले सांगायची लाज वाटते. पण मले इथं कोणी आवळून धरल्यासारखं वाटते. सुई देल्ली का अजून आवळते."

तिनं दवाखान्याचा ढगळ झगा बाजूनं थोडा वर केला. कमरेभोवती वळ होता. ताराचंदला वाटलं परकराच्या नाडीचा असेल, बायांना असतो. पण तिथं परकर नव्हता. आल्यापासून ती त्या झग्यातच होती. वळ दोन बोटं रुंद होता, आणि बेंबीच्या बाजूला, जिथं गाठ यावी तिथं, कातडीला एक गोळा आला होता, काळानिळा.

त्यानं नर्सला दाखवलं. नर्सनं मलम लावलं, डॉक्टरीणबाईंना सांगते म्हणाली. सांगितलंही. त्या येऊन पाहून गेल्या, अंगाला सूज आहे म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नाही. त्या जे पाहू शकत होत्या ते त्यांनी पाहिलं.

संध्याकाळी आकडा आला. सुया देऊनही उतरला नव्हता.

"सोडतो," ताराचंद अंकिताला म्हणाला. "उद्या दिवस निघाला का सोडतो. तू झोप."

७

सकाळी तो विळा घेऊन मांडवाखाली गेला. लवकी तिथं नव्हती. जमिनीवर ती पडलेल्या जागी ओला गोल डाग तेवढा होता.

घरात मंदाबाईचा आवाज येत होता. बारीक, गुणगुणल्यासारखा. अंकिताच्या खोलीतून.

खोलीची खिडकी लावलेली होती. आत कोंदट, गोडसर वास होता. फार दिवस झाकून ठेवलेल्या पाण्याला येतो तसा. मंदाबाई खाटेच्या काठावर बसली होती. खाटेवर अंकिताची दुलई आणि दुलईखाली उंचवटा. ती त्यावर थापटत होती. आणि थापटणं थांबलं तरी आवाज थांबत नव्हता. धप, धप.

"हळू बोला," ती म्हणाली. "आताच डोळा लागला."

"कोनाचा?"

ताराचंदनं दुलई ओढली. लवकीला वेल नव्हता, देठ नव्हता, तरी ती वाढलेली होती. तिची लव घामानं चिकटावी तशी चिकटलेली. साल इतकी पातळ की आत काहीतरी दिसल्यासारखं वाटत होतं. फुगे फुगे. दाटीवाटीनं. बियांच्या जागी.

त्यानं विळा उचलला.

"कापा," मंदाबाई शांतपणे म्हणाली. "पण चिंधी तिच्या साडीची हाय. इथं कापान तं तिकडे पोट्टीले काय होईन, मले नका इचारजा."

विळा हवेतच राहिला. मन म्हणत होतं, बायको भ्रमली आहे, ही भाजी आहे, काप. आणि डोळ्यापुढं तो वळ येत होता. अंकिताच्या कमरेचा. इथं कापलं आणि तिथं फाटलं तर? एवढं एकच कारण पुरेसं होतं. त्यानं विळा दाराबाहेर टाकला आणि खाली बसला.

त्याला गाठी सोडवता येत होत्या. जन्मभर सुतळीच्या गाठी त्यानं तोडल्या नाहीत, सोडल्या. पोपटी चिंधी सालीत रुतून गेली होती, झाडाला बांधलेली तार झाडात जाते तशी. त्यानं अंगठ्याचं नख गाठीखाली घातलं. साल ऊन होती. बोटाच्या टोकाला ठोका लागत होता.

"राहू द्या नं," मंदाबाईचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "दोन गेले माह्ये. नाव बी ठू देल्लं नाई कोणी. हे तं राहू द्या."

"ते तुह्ये लेकरं होते, पीयूषच्या माय," ताराचंद म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण हात चालू होते. "त्यायले मी माह्या हातानं मातीआड केलं. हे कोनाचंच नाई. याले नाक नाई, डोळे नाई, हे फक्त खाते." आणि मग तो लवकीकडे वळून, भांडणाऱ्या माणसाशी बोलावं तसा बोलला. "मागून घेतलं असतं तं भाकर देल्ली असती. आमी कोनाले उपाशी नाई धाडलं. पण परक्याच्या पोट्टीचं रगत पिऊन फुगाचं, अन् वरून तिच्याच नावानं साखर वाटून घ्याची, हे कोन्या गावचं? सोड तिले. सोड म्हन्तो."

एक गाठ सुटली. ऊन खिडकीच्या फटीतून खाटेच्या पायाशी आलं, मग उशीपर्यंत चढलं, तेव्हा दुसरी सुटली. चिंधी बाहेर आली ती ओली होती.

आवाज थांबला.

त्याच्या डोळ्यांसमोर लवकीची लव झडली. साल पिवळी झाली, मग लाकडासारखी. त्यानं ती उचलली तर सुपाएवढीही जड नव्हती. कानाशी धरून हलवली. आत बिया नव्हत्या. काहीच नव्हतं.

त्यानं ती उकिरड्यावर नेऊन टाकली. चिंधी धुऊन दोरीवर वाळत घातली. मंदाबाई दाराशी बसून ती चिंधी वाऱ्यावर हलताना पाहत होती.

८

आकडा उतरला. पुढच्या वेळी आणखी उतरला. कमरेचा वळ फिका होत गेला, खोकल्यात रक्त येणं थांबलं. अंकितानं वरणभात मागून खाल्ला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध लागू पडलं. ताराचंद म्हणाला, होय बाई, तुमच्या हाताले यश हाय. आणि ते तो मनापासून म्हणाला. औषध लागू पडलंच होतं, यात त्याला शंका नव्हती.

राहिलेल्या सुया येऊन-जाऊन घेतल्या तरी चालतील असं ठरलं. पीयूष तिला घरी आणायला ऑटो घेऊन गेला. तो आता आईला विचारत नव्हता. ताराचंदनं अंकिताची खोली झाडली, खिडकी उघडली, दुलई उन्हात टाकली. आवडते म्हणून तिच्यासाठी कोवळी मेथी खुडून ठेवली.

मंदाबाई बरी वागत होती. सकाळी उठून चूल, झाडलोट. बोलत कमी होती, पण चेहरा शांत होता. ती सुनेसाठी शिरा करते म्हणाली तेव्हा ताराचंदला बरं वाटलं.

शिरा ढवळता ढवळता ती उठली आणि न्हाणीत गेली. ओकारीचा आवाज आला.

"काय झालं व?"

"काई नाई. तुपाचा वास सहन नाई होऊन राह्यला." ती तोंड पुसत आली. "आवळा हाय का घरात?"

मंदाबाईचे केस पांढरे होऊन जमाना झाला होता. तिची पाळी गेली तेव्हा पीयूषच्या मिशा फुटत होत्या. ताराचंद तिच्याकडे पाहत राहिला. ती पदर पुढून सैल घ्यायची नाही कधी. आज घेतला होता.

तो बाहेर आला. दोरीवर दुलई होती. पीयूषचा सदरा होता. चिंधी नव्हती. खाली पडली असेल म्हणून त्यानं जमिनीवर पाहिलं, काट्यांत पाहिलं, वाऱ्यानं गेली असेल म्हणून बांधापर्यंत गेला. परत येताना भिंतीला हात लागला.

लाइन नव्हती. मोटार बंद होती.

त्यानं खिशातून फोन काढला. आकडे त्याला वाचता येत नव्हते, पीयूषनं त्याच्यासाठी हिरवं बटण एकाच नावाला लावून ठेवलं होतं.

"कुठं हाय रे?"

"आलोच बाबा. वळणावर हाय. अंकिता मांगं बसली, हसून राह्यली, म्हन्ते वाडीचा वास आला."

ताराचंदला वळण दिसत होतं. ऑटोचं पिवळं टप्पर बाभळीमागं चमकलं.

"मांगं फिरव," तो म्हणाला.

"काय?"

"आणू नोको तिले इकडे. केळझरले ने, तिच्या मायजवळ. तू बी तिथंच राह्य. मी म्हनल्याशिवाय येऊ नका."

"बाबा, झालं काय? मायनं काई—"

"मी तुले कवा काई मांगितलं का?" ताराचंद म्हणाला. "आता मांगतो. फिरव."

ऑटो बाभळीमागं थांबून राहिला. फोनमधून अंकिताचा आवाज आला, बारीक, काय म्हणाली ते कळलं नाही. मग टप्पर हललं, फिरलं आणि धूळ उडवत दूर गेलं. ताराचंद ती धूळ बसेपर्यंत उभा होता. आपल्याच घराच्या दारातून, आपणच राखलेली पोरगी परत पाठवावी लागली. कोणावर चिडावं तेही कळत नव्हतं, आणि राग तर मावत नव्हता.

तो आत गेला. दार लावून त्याला खाट आडवी घातली.

मंदाबाई चुलीपाशी टेकून बसली होती, पाय पसरून, गरवार बाई बसते तशी. ती लाजल्यासारखी हसली. त्यानं काही विचारलं नाही. तिच्यापुढं मांडी घालून बसला आणि पदर बाजूला केला.

पोपटी चिंधी तिच्या कमरेला होती. गाठीवर गाठ. कातडीत रुतून गेलेली, तिच्यावरून कातडी मिटायला आलेली.

"दुखते का?" त्यानं विचारलं.

"नाई," ती म्हणाली. "उलट."

ताराचंदनं बाह्या वर सारल्या. शिरा करपत होता, तो उतरवायलाही उठला नाही. अंगठ्याचं नख गाठीखाली घातलं, आणि हळूहळू, जसं तो सगळं करायचा तसं, सोडवू लागला.

तेव्हा आतून कोणीतरी त्याचं बोट धरलं. हलकंच, पण घट्ट. नवं लेकरू धरतं तसं.